नजरेला सोडलेली जागा

१

स्टुडिओला एकामागे एक असे दोन दरवाजे होते. पहिला ओढून घ्यायचा, तो नीट बसला याची खात्री करायची आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. बाहेरचा आवाज आत जाऊ नये म्हणून. दोन्हींच्या मधे जेमतेम एका माणसापुरता काळोख असायचा. तिथे उभं राहिलं की आधी रस्त्यावरचे हॉर्न जायचे, मग जिन्यातली बडबड, आणि सगळ्यांत शेवटी कानात भरून राहिलेलं घर. दिवसभरात कुणीही मला हाक मारू शकणार नाही अशी ती एकच जागा होती.

वर्गात मी सगळ्यांत मोठी. अर्ध्यावर सोडलेलं शिक्षण मुलगी झाल्यावर पुरं करायला आलेली. बाकीची पोरंपोरी इतकी कोवळी की पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘ताई’ करून टाकलं, आणि मीही मुकाट्याने झाले. काम मात्र सगळ्यांना सारखं. फ्लोअरवर तीन कॅमेरे, वरच्या मजल्यावर कंट्रोल रूम. तिथून दिग्दर्शक हेडसेटवर म्हणणार, “दोन तयार… टेक दोन,” शेजारचा बटण दाबणार, आणि पडद्यावरचं चित्र बदलणार. कामं रोज फिरती. आज दिग्दर्शक म्हणून मिरवलेला उद्या केबल उचलायला.

घरी ठकी होती. हे तिचं खरं नाव नव्हे. लाकडी बाहुलीसारखी बसवू तिथे बसते म्हणून सासूबाईंनी लाडाने ठेवलेलं. लाडानेच, असं मी स्वतःला समजावत असे. ठकी बघायची, भरपूर बघायची. पंख्याकडे, दाराखालच्या उजेडाच्या पट्टीकडे, आणि कपडे धुण्याच्या मशीनच्या गोल काचेकडे तर जेवणखाण विसरून. माणसांकडे नाही. मी तोंड पुढे नेलं की तिची नजर माझ्या कानावरून अलगद घसरून मागच्या भिंतीवर जायची. डॉक्टर म्हणाले, “दोन वर्षांची होईपर्यंत थांबू. काही मुलं उशिरा बघतात.” थांबू म्हणणाऱ्याचं काय जातं! रोज सकाळी तिला सासूबाईंच्या मांडीवर ठेवून निघताना मी दारातून मागे वळून बघायचे, आणि ठकी दाराच्या कडीकडे बघत असायची.

२

मॅडमनी सगळ्यांत आधी पाठ करून घेतलेला धडा नजरेचा होता.

“माणूस ज्या बाजूला बघतो, त्या बाजूला चौकटीत जागा सोडायची. त्याचं नाक कडेला घासलं ना, तर घरी बसलेल्या माणसाचा जीव गुदमरतो. नजरेला जागा द्या रे!” मॅडम बुटक्या, पण हेडसेटमधून त्यांचा आवाज थेट टाळूतच उतरायचा.

त्या दिवशी मी एक नंबर कॅमेऱ्यावर होते. मुलाखतीचा सराव. पाहुण्याच्या खुर्चीत आमचा प्रोफेसर, म्हणजे प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची खोड असलेला वर्गातला हुशार मुलगा. त्याच्या डाव्या हाताला प्रश्न विचारायला लंबू, वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी. माझ्याकडे प्रोफेसरचा क्लोजअप.

“कॅमेरा एक!” मॅडम कडाडल्या. “जागा कुठल्या बाजूला सोडलीयस? लंबू इकडे बसलीय, तू तिकडे मोकळं मैदान ठेवलंयस. झोपलीयस का?”

झोप झालेली नव्हतीच. पण मी चौकटीत पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, तो तिकडेच बघतोय.”

तो खरोखरच तिकडे बघत होता. लंबूकडे नाही, कुठल्या कॅमेऱ्याकडेही नाही. उजवीकडे, दोन आणि तीन नंबर कॅमेऱ्यांच्या मधे, जिथे फक्त फरशी होती. तोंडाने तो लंबूला उत्तर देत होता, पण हळू, शब्द निवडून निवडून. आणि त्याचा चेहरा… कसा सांगू. आमचा प्रोफेसर म्हणजे कायम ओठाच्या कोपऱ्यातून हसणारा. त्या वेळी तो कोपरा सुटला होता. खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाने ‘कसा आहेस?’ असं खरंच विचारल्यावर चेहरा होतो ना, तसा झाला होता.

सराव संपल्यावर मी त्याला गाठलं. “काय रे, मधेच कुठे बघत होतास?”

“मी? लंबूकडे.”

“माझ्याकडे?” लंबू म्हणाली. “तू माझ्याकडे बघितलं असतंस तर मी पेढे वाटले असते.”

सगळे हसले, प्रोफेसरही. कोपरा परत जागेवर आला होता.

३

एकदा दिसलं की ते सारखंच दिसायला लागतं. खुर्चीत जो कोणी बसे, तो थोड्या वेळाने तिकडे वळे. माझी शंका अशी की मलाच तसं दिसतंय. अपुऱ्या झोपेत बायकांना काय काय दिसतं याची माझ्याकडे भरपूर माहिती आहे. बाळ रडतंय असं वाटून मी बाळ मांडीवर असताना पाळण्याकडे धावलेली आहे. त्यामुळे मी माझ्या डोळ्यांवर एकदम विश्वास ठेवत नाही.

मग माझी फ्लोअर मॅनेजरची पाळी आली. इतर कुणी यायच्या आधी जाऊन फ्लोअर लावायचा. रिकाम्या स्टुडिओत एकच साधा बल्ब जळत होता. मी तीन नंबरची केबल भिंतीपासून ओढत आणली, आणि ती टाकून झाल्यावर उभी राहून पाहिलं तर तिला बाक होता. दोन आणि तीनच्या मधली जागा सोडून, तिला वळसा घालून ती गेली होती. मीच टाकलेली. मग जुन्या केबलींकडे पाहिलं. माइकची, मॉनिटरची, कोपऱ्यातल्या दिव्याची, सगळ्या तशाच वळून गेलेल्या. फरशीवर चाकांचे आणि बुटांचे ओरखडे सगळीकडे होते. तेवढा एक ओबडधोबड गोल नव्या फरशीसारखा चकचकीत.

फरशीला खड्डा असेल, मी स्वतःला म्हणाले. किंवा उंचवटा. चाकं अडखळत असतील म्हणून सगळे टाळत असतील, सवय लागली असेल. शिकल्यासवरलेल्या बाईला शोभेल असं हे उत्तर होतं, आणि पडताळून पाहायलाही सोपं. मी चिकटपट्टीचं जाड रीळ घेतलं, उभं धरलं आणि त्या जागेतून पलीकडे सोडून दिलं. ते सरळ गेलं. ना अडखळलं, ना कलंडलं. पलीकडच्या भिंतीला टेकून आडवं पडलं.

म्हणजे काहीच नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी एकटीच हसले, आणि रीळ उचलायला गेले.

रीळ हातात घेऊन वळले तेव्हा लक्षात आलं की मी सरळ आले नव्हते. मला ठाऊक असताना, नुकतीच खात्री करून घेतली असताना, माझे पाय वळसा घेऊन आले होते. गर्दीत उभ्या असलेल्या एखाद्या मोठ्या माणसाच्या आपण बाजूने जातो, धक्का लागू नये म्हणून पदर आवरतो, तसे. आणि खरंच, माझ्या एका हातात माझी ओढणी आवरून धरलेली होती.

४

दिग्दर्शनाची माझी पाळी आली तेव्हा पाहुणे म्हणून प्रोफेसरचे वडील आले. उंच, निवृत्त गृहस्थ, इस्त्री अशी की बसताना मोडेल याची भीती वाटावी. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले होते आणि त्याबद्दल बोलायला आले होते. प्रोफेसर आवाजाच्या टेबलावर माझ्या शेजारी.

“तुझे बाबा जरा कडक दिसतात रे,” मी म्हणाले.

“जरा?” तो म्हणाला. “ताई, आमच्या घरी घड्याळसुद्धा त्यांना विचारून वाजतं.”

कार्यक्रम सुरू झाला. “तीन तयार, टेक तीन. एक तयार…” समोर मॉनिटरांची भिंत. पुलांचे पाये, नद्यांचं पाणी, लोखंड. बाबा मोजून मापून बोलत होते. आणि मग एक नंबरच्या मॉनिटरमधे त्यांची मान हळूच वळली.

मी “टेक एक” म्हटलं. पुढचा शॉट तीनचा होता, पण मी तो मागितला नाही. बटणावर बसलेल्या मुलीनेही आठवण करून दिली नाही. त्या चेहऱ्यावरून सुरकुत्या गेल्या नव्हत्या. त्या होत्या तिथेच होत्या, फक्त त्यांच्यावरचा पहारा उठला होता. ते अजून पुलाबद्दलच सांगत होते. पहिल्या पुलावरून पहिली गाडी गेली तेव्हा ते खाली पाण्यात उभे होते, आणि पूल पडला तर आपल्या अंगावर पडावा असं त्यांना वाटत होतं, हे ते सांगत होते. लहान मुलगा सांगतो तसं, वर बघत.

मला नंतर जाणवलं ते हे. वर बघत. त्या जागेत जे काही होतं त्याच्याकडे बघायला त्या उंच माणसाला मान वर करावी लागत होती.

“बाबांनी हे कधी सांगितलं नाही,” प्रोफेसर म्हणाला. त्याचा हात आवाजाच्या पट्टीवर तसाच होता.

“राहू दे,” मागून मॅडम म्हणाल्या. एवढ्या हळू त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. “राहू दे तो शॉट.”

सगळे गेल्यावर मी त्यांना विचारलं, “मॅडम, ते सगळे कुठे बघतात?”

त्या हेडसेटच्या वायरी गुंडाळत होत्या. “माझ्या या स्टुडिओत क्लोजअप फार चांगले येतात,” त्या म्हणाल्या. “आधीपासून. मी त्या खुर्चीत बसत नाही.”

“का?”

“अगं, मला वर्ग चालवायचाय ना,” त्या म्हणाल्या, आणि दिवा घालवला.

५

त्या रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, ही त्याची जुनी युक्ती आहे.

“म्हणजे तुमच्या स्टुडिओत भूत आहे.”

“भूत मी म्हटलंय का?”

“मग काय आहे?”

“कुणीतरी ऐकणारं,” मी म्हणाले, आणि मलाच ते ऐकून कसंतरी झालं.

“बघ हं, तिथे फी भरून जातेस तू. ऐकून घ्यायला मी फुकट आहे.”

मी हसले. पण मनात दुसरंच चाललं होतं, आणि ते मी त्याला सांगितलं नाही. ठकी आमच्या मधे झोपली होती. झोपेत तिचे डोळे पापण्यांखाली हलत होते, म्हणजे कुठेतरी ती कुणाकडे तरी बघत होती. मला एवढंच हवं होतं की तिने एकदा बघावं. माझ्याकडे नसेल तर नसो, पण माणसाकडे बघावं तसं. ते तिला येतं का, एवढं मला कळायला हवं होतं. डॉक्टरांच्या ‘थांबू’वर आणखी किती दिवस काढायचे?

परीक्षेच्या कार्यक्रमाआधी दिवे लावून बघायचे असतात. त्यासाठी पाहुण्याच्या जागी कुणीतरी नुसतं बसावं लागतं. सकाळी मी सासूबाईंना म्हणाले, “आज ठकीला मी नेते.”

“कुठे?”

“कॉलेजात. दिव्यांसमोर बसवायला कुणी हवंय.”

“अगं बाई, आता पोरीला कामाला लावतेस? आधी बोलायला तर लागू दे.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचा टोमणा त्यांनी गिळला. त्यांनी ठकीची टोपी आणली, तिच्या डोक्यावर बसवली, परत काढली. “टोपी नको. चेहरा दिसायला हवा ना,” त्या म्हणाल्या.

त्यांनाही रात्री झोप लागत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

६

दोन दरवाजांच्या मधल्या काळोखात ठकी माझ्या खांद्याला चिकटून होती. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. दुसरा दरवाजा उघडला तेव्हा तिने श्वास घेतला तेवढा मला छातीवर जाणवला.

मी फ्लोअरवर होते, हेडसेट कानाला. प्रोफेसर वर दिग्दर्शकाच्या जागी, लंबू एक नंबरवर. दोन आणि तीन नंबर नुसतेच लावून ठेवलेले, त्यांच्यामागे कुणी नाही. खुर्चीत उशी ठेवून मी ठकीला बसवलं. तिचे पाय हवेत सरळ राहिले.

“ताई, पाहुण्या फार गंभीर आहेत,” प्रोफेसर कानात म्हणाला. “मानधन कमी पडलं का?”

“दिवे लाव,” मी म्हणाले.

दिवे एकेक करून लागले. ठकी प्रत्येकाकडे बघत गेली, घरी बघते तशीच. दिव्याची कड, स्टँडची दांडी, लोंबणारी वायर. मी तिच्यासमोर उकिडवी बसून टाळ्या वाजवल्या. नजर कानावरून घसरली, नेहमीसारखी. बरं झालं, मी मनात म्हणाले. बरं झालं, काही नाहीये. आणि त्याच वेळी मला रडू येत होतं.

मी उठून बाजूला झाले. तेव्हा ती वळली.

उजवीकडे, दोन आणि तीनच्या मधे. आधी डोळे वळले, मग मान, मग अख्खी ठकी, उशीवर सरकून. वर, खूप वर बघत. कपाळावर बारीक आठी पडली आणि विरली. तोंड थोडं उघडलं.

मग हेडसेटमधे प्रोफेसरचा आवाज आला, कुजबुजता. “ताई. मॉनिटर बघ.”

फ्लोअरवर एक चाकांचा मॉनिटर असतो. त्यात ठकीचा चेहरा वरपासून खालपर्यंत भरला होता, आणि लंबूने समोर जागा सोडली होती. तो चेहरा मी धुतलेला, पुसलेला, पावडर लावलेला. त्यातला कण न् कण मला पाठ. पण त्यात राहणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ती ऐकत होती. मधेच तिने भुवया उंचावल्या, जणू तिला काही नवीनच सांगितलं गेलं. मग ती हसली. तोंडभर, हनुवटी गळ्यात जाईपर्यंत. आणि हात वर केले. कडेवर घे म्हणून मुलं करतात तसे. माझ्यासमोर तिने ते कधी केले नव्हते.

मला देवळात जावं तसं वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याच्या पाठोपाठ दुसरं जे आलं तो मत्सर होता. ती नजर माझी होती. पोटात वाढवलं मी, जागले मी, आणि ती नजर एका रिकाम्या फरशीला!

७

मी त्या जागेत जाऊन उभी राहायचं ठरवलं.

सांगायला सोपं आहे. मी चालायला लागले आणि दोन नंबरच्या मागून फिरून पलीकडे निघाले. परत आले. पुन्हा तेच. पाय माझं ऐकेनात. शेवटी मी डोळे मिटले आणि ठकीच्या आवाजाकडे पाठ करून, तो ठीक पाठीमागे राहील अशा बेताने, एकेक पाऊल टाकत गेले. ती गुळण्या केल्यासारखे आवाज काढत होती, खुशीचे. ते आवाज अगदी नीट, अगदी पाठीवर पडू लागले तेव्हा मी थांबले. हेडसेटमधली कायमची खरखर बंद झाली होती.

डोळे उघडले. मी वळले.

काय सांगू तुम्हाला! ठकी माझ्याकडे बघत होती. कानाकडे नाही, मागच्या भिंतीकडे नाही. माझ्या डोळ्यांत. पुरती, आत येऊन बसल्यासारखी. आपण कुणाला तरी पूर्ण दिसतोय, झोप न झालेल्या, घाबरट, कामं अर्धी टाकणाऱ्या अशा सगळ्याच्या सगळ्या दिसतोय, आणि तरी समोरचं माणूस हात पसरून हसतंय. हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं जगून मला हे माहीतच नव्हतं.

आणि तेव्हा मला बाजूला काहीतरी जाणवलं. स्पर्श नाही, वास नाही, गारवा नाही. भरलेल्या बाकावर आपण अंग चोरून टेकतो, आणि शेजारचं माणूस काही न बोलता थोडं सरकून जागा करून देतं ना, तेवढंच. तसं कुणीतरी सरकलं.

मी मान वळवली नाही. मी ठकीवरची नजर काढू शकत नव्हते, आणि काढायचीही नव्हती. पण मॉनिटर माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यात होता. लंबूने दचकून कॅमेरा ओढला असावा, नवशिक्यांचा नेहमी होतो तसा तो सेट सोडून इकडे फिरला होता. मॉनिटरमधे मी होते. चौकटीच्या एका कडेला, आणि अंधूक. बाकी सगळी चौकट मोकळी. मोकळी आणि लख्ख. तिथे फोकस होता. मागच्या दिव्याच्या झोतात धूळ तरंगत होती, एकेक कण मोजून घ्यावा इतकी स्पष्ट. माझ्या बाजूला येऊन ती धूळ वळत होती. वळसा घेऊन, सावकाश, दोन्ही बाजूंनी जात होती, आणि पलीकडे पुन्हा एक होत होती. फरशीपासून वर. माझ्या डोक्याच्या वर. चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत, आणि तिथे ती संपत नव्हती.

“लंबू,” वरून प्रोफेसर म्हणाला, इतक्या अदबीने की मला तो त्याच्या वडिलांसारखा वाटला. “लंबू, कॅमेरा हलवू नकोस.”

पण तिला ते जमलं नाही. चित्र हललं, घसरलं, छताच्या नळ्या दिसल्या, आणि संपलं. मी धावले आणि ठकीला उचललं. धावताना मी सरळ धावले. मधे काही नव्हतं.

८

परीक्षा झाली, मी पासही झाले. लंबूने त्या दिवसाबद्दल एकदाच विषय काढला, तोही कॅमेरा पुसत, माझ्याकडे न बघता. “मी चौकट लावली नव्हती, ताई. ती तशीच लागली.” रेकॉर्डिंग सुरू नव्हतंच, नुसते दिवे बघायचे होते. आता मला वाटतं ते बरंच झालं. ते पुन्हा पुन्हा लावून बघितलं असतं, लहान करून, थांबवून, पुढेमागे करून. तेवढ्या मापाची ती गोष्ट नव्हती.

आणि ठकी बघते. त्या संध्याकाळी घरी आल्यापासून बघते. मी दारातून आत आले की तिची नजर येऊन माझ्यावर टेकते आणि तिथेच राहते. सासूबाई हातातलं काम टाकून रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “आधी माझ्याकडे बघायला हवं होतं, दिवसभर सांभाळते मी.” डॉक्टरांनी पेन खिशाला लावत, “बघा, मी म्हटलं नव्हतं?” असं म्हटलं. म्हणू देत. त्यांच्याकडे ती बघत नाही. ती बघते ते माझ्याकडे.

मी सुखात आहे. हे मी लिहून ठेवते, कारण माझा स्वभाव मला माहीत आहे. मला सोन्याचा घास मिळाला तरी मी त्यात खडा शोधणार.

पण एक आहे. हल्ली बोलताना माणसं मधेच थांबतात. भाजी तोलून देणारी बाई, जिन्यात भेटणारे शेजारी, टोमणा अर्ध्यावर आलेल्या सासूबाई. माझ्याकडे बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचा पहारा उठतो, आणि ती मला नको तेवढं खरं सांगू लागतात. मी ऐकते. मला ते सुंदर वाटतं, आणि माझ्या मानेवर काटा येतो. त्यांची हनुवटी थोडी वर असते का, हे मी तपासत नाही. ठकी लहान आहे. तिला कुणाकडेही बघायचं तर वरच बघावं लागणार. तिच्यावरून काही ठरवता येत नाही.

ठरवायचं तर उपाय अगदी साधा आहे. ती बघत असताना एक पाऊल बाजूला व्हायचं, आणि तिची नजर माझ्याबरोबर येते का ते बघायचं.

आज सकाळी ती तिच्या उंच खुर्चीत बसली होती आणि मी ओट्याला टेकून उभी होते. ती माझ्याकडे बघत होती. तोंडाला भात लागलेला, हात वर, हनुवटी गळ्यात. खिडकीतून ऊन आलं होतं. माझ्यामागच्या फडताळातून नवऱ्याला डबा काढायचा होता.

“सरक ना जरा,” तो म्हणाला.

मी जागची हलले नाही.

“अगं, उशीर होतोय मला. एक पाऊल बाजूला हो.”

“थांब,” मी म्हणाले. “ती बघतेय.”